पायाला काही कळत नाही, तरी पाय जळतात: हे नाटक नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विहिरीचा गाळ काढताना मालक आत पडले, त्याला ७ महिने झाले. डी-१० ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीला, मज्जारज्जूला इजा आहे, बेंबीखाली चिमटा घेतला तरी कळत नाही. आणि तरीही रात्री पाय जळतात म्हणतात, पोटाला दोर आवळल्यासारखं वाटतं म्हणतात, पाय आपोआप उडतात. घरात कोणी म्हणतं नाटक, कोणी म्हणतं बाहेरचं, कोणी म्हणतं नसा जाग्या होताहेत. खरं काय मानायचं?

मालक सांगतात ते खरं माना. मी ११ वर्षांपूर्वी मिरगाच्या आधी कवेलू फेरताना घरावरून पडलो. माझीही इजा तिथलीच, आणि ही आग मी रोज भोगतो.

पायाची खबर मेंदूला मज्जारज्जूतून जाते. ती वाट तुटली की खबर बंद होते, पण तुटल्या जागेच्या आसपासच्या नसा गप्प बसत नाहीत. त्या आपल्या आपणच खोट्या खबरा वर पाठवत राहतात. मेंदूला वाटतं पाय निखाऱ्यावर आहेत. पायाला काही झालेलं नसतं, पण दुखणं शंभर टक्के खरं असतं. पोटाभोवतीचा आवळ त्यातलाच. तो बहुतेक इजेच्या पातळीवरच येतो. कुणाला विजेचा झटका बसल्यासारखं होतं, कुणाला चादर टेकली तरी त्या पट्ट्यात सहन होत नाही.

हे नसांचं दुखणं आहे, म्हणून ते नेहमीच्या दुखण्याच्या गोळीला दाद देत नाही. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी मला दोन महिने दर आठवड्याला दुखण्याचं इंजेक्शन टोचलं. आग तशीच राहिली. असल्या औषधांचा बरेच दिवस मारा केला तर मूत्रपिंडाला त्रास होतो, आणि मज्जारज्जूच्या माणसाला लघवीच्या अडचणीमुळे मूत्रपिंड आधीच जपावं लागतं. ह्या दुखण्याला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं देतात. थोड्या डोसने सुरू करून डॉक्टर हळूहळू वाढवतात. सुरुवातीला झोप येते, गरगरतं, कधी पाय सुजतात. दोन दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका आणि मनाने वाढवूही नका. माझं दुखणं दहापैकी आठ होतं, ते चारवर आलं. शून्य झालं नाही. पण चारमध्ये झोप लागते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, शेक देऊ नका. माझी माय विटेचा तुकडा चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून टाचेशी ठेवायची. मायेनंच करायची. एका सकाळी चादर टाचेला चिकटलेली दिसली. ओढली तर कातडीच निघाली. मला रात्रभर काही कळलं नव्हतं. ती जखम भरायला चार महिने लागले. गरम पाण्याची पिशवी, तापलेली वाळू, उन्हात तापलेली लोखंडी खुर्ची, सगळं त्यातच आलं.

आता पाय उडण्याचं. मला पहिले काही आठवडे पाय कापडासारखे लोळत होते. मग एका दुपारी गुडघा ताडकन वर आला. माय ओरडली, "अरे बापा, हालला न पाय!" शेजारी जमले, कुणीतरी नारळ आणला. त्या दिवसाची आठवण अजून जड जाते, कारण ती सुधारणा नव्हती. इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंतच असतो, फक्त त्याच्यावर मेंदूचा ताबा राहत नाही. कासरा तुटला म्हणून बैल मरत नाही, पण माशी बसली तरी उधळतो. पाय तसे उधळतात. ही आकडीही नाही, मालक शुद्धीवर असतात. खरी सुधारणा बघायची तर मालकांनी ठरवल्यावर पायाचा अंगठा हलतो का, ते बघा.

माझ्या मते ह्या उधळण्याचा एक उपयोग आहे, तो कुणी सांगत नाही. खाली काही बिघडलं तर मालकांना कळणार नाही, पण पायांना कळतं. तीन वर्षांपूर्वी माझे पाय अचानक लाकडासारखे ताठू लागले, खुर्चीवरून खाली सरकवायचे. लघवी तपासली, पोट साफ केलं, काही सापडेना. तिसऱ्या रात्री बायकोने मोजा काढून बॅटरी मारली, तर टाचेच्या कडेला बाभळीचा काटा मोडलेला, भोवती लाल. बुटातून आला असणार. काटा निघाला, जागा बरी झाली तसे पाय निवळले. म्हणून उडणं एकाएकी वाढलं तर गोळी वाढवण्याआधी शोधा: लघवी तुंबली का, गढूळ आहे का, ताप आहे का, शी अडली का, बसायच्या जागी, टाचेला जखम आहे का, नख आत रुतलंय का, नाडा आवळलाय का. थंडीतही वाढतं, डिसेंबरात मी पाय घोंगडीत ठेवतो.

रोज सकाळ-संध्याकाळ पाय हळू ताणा, अर्धा-एक मिनिट धरून ठेवा. झटक्याने ओढलं की जास्त उडतो. गावातल्या मालिशवाल्याला जोर लावू देऊ नका. न चालणाऱ्या पायाची हाडं ठिसूळ होतात, मोडली तरी कळत नाहीत. पाय उडणं कमी व्हावं म्हणून डॉक्टर बॅक्लोफेन देतील, तर त्याची आठ दिवसांची गोळी कायम घरात जास्तीची असू द्या. एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला, माझ्या गोळ्या दोन दिवस बंद पडल्या. ताप चढला, पाय छातीपर्यंत आपटत होते, भिंतीवर माणसं दिसत होती. हे औषध एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

एका पायाची पोटरी सुजून गरम लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती पोटरी चोळू नका. पुढे कधी बधिरपणा वर सरकू लागला, हाताचा जोर कमी झाला, तर एमआरआय लागतो. तुमच्यासारखं कुणी मानेच्या किंवा डी-६ वा त्याच्या वरच्या इजेचं वाचत असेल तर: अचानक डोकं ठणकलं, तोंड लाल होऊन घाम फुटला, तर माणसाला लगेच उठवून बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली का बघा आणि दवाखान्यात न्या. रक्तदाब भयंकर चढलेला असतो.

नागपूरला मिहानमधल्या एम्समध्ये फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे पुनर्वसनाचा, विभाग आहे. एकदा तिथे दाखवा. जाताना आठ दिवसांची वही न्या: आग किती वाजता, किती, कशाने वाढली. माझी रात्री नऊनंतर वाढते. दिवसा पिठाच्या चक्कीवर बसतो तेव्हा दळणाच्या नादात निम्मी कमी वाटते. मालकांनाही हाताला काही काम द्या, पण दर अर्ध्या तासाला हातांवर जोर देऊन बूड उचलायला लावा.

आणि आज रात्री ते "जळतंय" म्हणाले की "कुठं? कालच्यापेक्षा जास्त का?" एवढं विचारा.