ओळीमागची जागा

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या ब्लूजच्या जोडीत गिटार तुझी, पण गाणारी मैत्रीण सावकाश शिकते, ऑक्टोबरात किनाऱ्यावरचा पर्यटनाचा हंगाम सुरू होईल आणि कळंगुटला तयार गायिका मिळतेय, तर जोडी मोडू का, असं विचारतेस. मोडू नकोस. निदान एवढ्यात तरी नाही.

शिलाँगच्या 'सोलमेट'कडे बघ. रूडी वॉलंगची गिटार, टिप्रिती खारबांगरचा आवाज. 2003 साली बँड उभा राहिला, 2007 मध्ये मेंफिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत वाजवून आला. बास-ड्रमवरची माणसं बदलली, पण या दोघांची जोडी वर्षानुवर्षं टिकली. त्यांचं एखादं संथ गाणं लाव आणि ती गात असताना तो किती कमी वाजवतो, तेवढंच ऐक.

ब्लूजचा 12 बारांचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या 12 तुकड्यांचा साचा तुला पाठ आहे. चार-चार बारांच्या तीन ओळी, पहिली ओळ पुन्हा तशीच. पण प्रत्येक ओळीतलं गाणं साधारण दोन बारांत संपतं. उरलेले दोन गिटारचे. तिथेच तुझी घाई होते. परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा शेवटचा शब्द अजून लांबतोय आणि तुझा लिक, म्हणजे गिटारची ती छोटी सुरावट, सुरूसुद्धा झालाय! बोटं तुझी तयार आहेत, बाय, त्याबद्दल शंका नाही. पण तिचा श्वास कुठे सुटतो, कुठला शब्द ती ओढते, कुठला गिळते, हे कळायला एकाच माणसाबरोबर खूप बसावं लागतं. देवळात भजनं ऐकत वाढलीस तू, साथ म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. आपल्या बोरीचे पं. तुळशीदास बोरकर यांनी पेटीवर केलेली साथ पुन्हा काढून ऐक.

आणखी एक. तुम्ही सगळं ई नाहीतर ए या पट्टीत वाजवता, कारण गिटारला तिथे मोकळ्या तारा सापडतात. तिचा गळा ताणला जातो आणि ती कमी पडते असं तुला वाटतं. आधी तिची पट्टी शोध. बी-फ्लॅट निघाली तर बी-फ्लॅट. पट्टी चढवायला गिटारच्या मानेवर कॅपोचा चिमटा लाव, नाहीतर बोटं झिजव. तुझी निम्मी तक्रार इथेच मिटेल असं मला मनापासून वाटतं.

गाण्यावर नाव कोणाचं, मानधन कसं वाटायचं, हे आत्ताच कागदावर लिहा. मैत्रीत कशाला लिहायचं म्हणत चांगल्या जोड्या फुटलेल्या मी पाहिल्यात.

सध्या पाऊस आहे, किनाऱ्यावरची शॅक हॉटेलं बंद आहेत. हे महिने स्वतःच्या गाण्यांना द्या. हंगामात गिऱ्हाईक ओळखीचीच गाणी मागतं, उघड्यावर रात्री 10 ला स्पीकर बंद करावे लागतात. नवं काही घडवायला तेव्हा सवड कुठली?

रविवारी दोघी फोंड्याला या. अँप्लिफायर लहान आण. पहिला तासभर ती गाईल, मी ठेका धरेन, आणि तू फक्त तिने सोडलेल्या जागेत वाजवायचं.

तुझा,
मास्तर