किडलेली, पू झालेली दाढ काढून चार दिवस झाले. दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय. थांबू की दाखवू?

दाखवा, आणि आजच. दाढ काढल्यावर सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, मग उतरणीला लागायला हवी. चौथ्या दिवशी दुखणं वाढतंय म्हणजे बहुतेक दोनांपैकी एक गोष्ट आहे. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून खालचं हाड उघडं पडलं असेल, तर ठणका कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो, पण ताप सहसा नसतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. इथे अँटिबायोटिकपेक्षा खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरण्याने आराम पडतो, आणि ते घरी जमणारं काम नाही. दुसरी शक्यता म्हणजे जंतुसंसर्ग: ताप, पू, वाढती सूज.

आरशात खड्ड्यावर पांढुरका थर दिसला तर तो पू समजून खरवडू नका. बऱ्याचदा ती भरत आलेली जखमच असते.

तोवर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा. जोरात थुंकणं, स्ट्रॉ आणि सिगारेट बंद. अँटिबायोटिक दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, आणि घरात उरलेलं जुनं पाकीट तर उघडूच नका.

मात्र तोंड उघडेनासं झालं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, किंवा जबड्याखाली, मानेकडे सूज उतरली, तर दातांच्या डॉक्टरांची वेळ मिळण्याची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.