चिमुकल्या इंजिनांचे मोठे उत्पादन

प्रश्न : संगणकीय यंत्रे नसताना विमान-प्रतिकृतींची चिमुकली इंजिने हजारोंनी कशी तयार होत?

उत्तर : यंत्राची ‘स्मृती’ तेव्हा पोलादी कॅममध्ये, म्हणजे कडेला उंचवटे असलेल्या फिरत्या चकतीत, असे. स्वयंचलित लेथवर (कातयंत्रावर) फिरणाऱ्या कॅमच्या उंचवट्यांनुसार हत्यारे ठरल्या क्रमाने पुढे येत, धातूच्या गजाचे टोक कातून, भोक पाडून, सुटा भाग छाटून टाकत आणि लगेच गज पुढे सरके. कॅम व हत्यारांच्या जुळणीला वेळ लागे. एकदा जमली की काम अखंड चाले.

खरी कसोटी पुढेच होती. अमेरिकेतील कॉक्स कंपनीच्या १९५६ च्या ‘बेब बी’ या सुमारे ०.८ घनसेंटिमीटरच्या इंजिनात दट्ट्याला (पिस्टनला) सिलिंडरमधली फट बुजवणारी रिंगच नव्हती. असे दट्टे व सिलिंडर बारीक घासून, मोजून, मापांनुसार वेगळे करत आणि जुळणाऱ्या जोड्या लावत. केवळ कातकामावर विसंबून एवढी घट्ट बसणी साधत नसे.