बाहुलीचे इवलेसे हात क्लेमधून घडवताना बोटं तुटतात आणि पंजा फावड्यासारखा दिसतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा बोटं वेगवेगळी वळून पंजाला चिकटवलेली असतात. दीड मिलिमीटर जाडीच्या बोटाला धरून राहायला जागाच नसते. जोड लपवायला दाबलं की बुंधा जाड होतो, आणि भाजल्यावर बोट तिथूनच निखळतं. बोटं चिकटवू नका, कापून काढा.

खालची मापं १:१२ बाहुलीची (खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्श्याएवढी) आणि पॉलिमर क्लेची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या क्लेची आहेत. हवेवर वाळणारी क्ले इतक्या बारीक बोटांना नकोच, ती वाळताना आकसते आणि चिरते.

क्ले मऊ मळून १३ मिमी व्यासाचा गोळा करा आणि मधोमध कापा, म्हणजे दोन्ही हातांना सारखी क्ले मिळेल. प्रत्येक अर्ध्याची ५ मिमी जाडीची वळी करून एक टोक अडीच मिमीपर्यंत चपटं करा. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १५ मिमी हवेत. आधी कडेला तिरका छेद देऊन अंगठा सोडवा. मग उरलेल्या भागाला मधोमध एक छेद, आणि दोन्ही बाजूंना पुन्हा एकेक. छेद पंजाच्या निम्म्यापर्यंतच.

आता बोटं चौकोनी काड्यांसारखी दिसतील. एकेक बोट बाजूला वळवून सुईच्या दांड्याखाली हलकेच फिरवा, कडा गोल होतात. बोट लांबतं, म्हणून टोकं नंतर छाटा: तर्जनी आणि अनामिका मधल्यापेक्षा थोडी आखूड, करंगळी अनामिकेच्या शेवटच्या पेरापर्यंत.

फावडं होतं ते मुख्यतः अंगठ्यामुळे. तो बोटांच्या रांगेत बसवला जातो, खरं तर त्याचं नख कडेला वळलेलं असतं. अंगठा मुळापासून तळहाताकडे फिरवा. दुसरी गोष्ट, बोट मागून लांब आणि तळहाताकडून आखूड दिसतं, कारण त्याचा सांधा बेचकीच्या बराच मागे असतो. म्हणून फक्त मागच्या बाजूने प्रत्येक छेदापासून मनगटाकडे सुईने एक उथळ खाच ओढा. एवढ्यानेच हात जिवंत वाटायला लागतो.

मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना टेकवून ठेवा. नैसर्गिक दिसतं आणि आधारही मिळतो. आत आधाराची तार या मापाला नको, बोटातून बाहेर डोकावते. हात भाजण्याआधी दोन्ही पालथे ठेवून बघा: अंगठे समोरासमोर हवेत, दोन्ही एकाच दिशेला असतील तर दोन्ही डावे किंवा दोन्ही उजवे झालेत.

तुटण्याचं दुसरं कारण कच्चं भाजणं. तापमान पाकिटावर असतं, सहसा ११० ते १३० अंश सेल्सिअस. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. बोटं करपू नयेत म्हणून वरून फॉइलचा तंबू करा आणि अर्धा तास भाजा. शेजारी त्याच क्लेची दीड मिमीची एक काडी ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर ती वाकवा. लवली तर हात पक्के. कटकन मोडली तर हात आणखी अर्धा तास आत जाऊ द्या, पॉलिमर क्ले पुन्हा भाजलेली चालते.