लाल लाईट मोज, मग बोलू

पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला आणि तेव्हाच उत्तर टाईप करायला घेतलं होतं, पण तुझे काका म्हणाले झोप आता, पोरगी काही पळून नाही चालली. म्हणून सकाळी लिहून राहिली. मोठं होईल, चहा घेऊन बस.

तू विचारलंस की डेटा ॲनालिसिस शिकायचं आहे तर तो अठरा हजारांचा कोर्स लावू का. आणि त्याच मेसेजच्या शेवटी, जाता जाता, लिहिलंस की घरी लाईट बिलावरून रोज भांडण आहे, बाबा म्हणतात कूलर खातो, आई म्हणते फ्रिज, आणि दादा म्हणतो मीटरच फास्ट आहे. मला विचारशील तर तुझा कोर्स त्या शेवटच्या ओळीत आहे. अठरा हजार राहू दे सध्या. एक वीस रुपयाची वही घे, मोबाईलमधलं स्टॉपवॉच तुझ्याकडे आहेच.

तुमच्या मीटरवर एक बारका लाल लाईट लुकलुकत असतो, बघितला असशील. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, तो मात्र कोणी वाचत नाही. बऱ्याच मीटरवर तो 3200 असतो, तुमचा वेगळाही असू शकतो, आधी वाचून घे. 3200 म्हणजे लाईट 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एवढं कळलं की झालं. दोन लुकलुकींमधले सेकंद मोज आणि 1125 ला त्यानं भाग, येईल ते वॅट. 1125 कुठून आला ते मी नाही सांगणार, एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तासभर आणि तासात 3600 सेकंद, तूच काढ. आकडा 3200 नसला तर तुमचा 1125 पण वेगळा येईल.

आता घरातलं सगळं बंद कर, फ्रिजसुद्धा, दहा मिनिटांत दूध काही नासत नाही. लाईट अगदी गप्प बसला पाहिजे. नाही बसला तर काहीतरी चालूच आहे, बहुतेक इन्व्हर्टर नाहीतर टीव्हीचा डबा. मग एकटा कूलर लाव. आमच्याकडे साडेपाच सेकंदाला एकदा लुकलुकतो, म्हणजे साधारण 200 वॅट. दादाचं मीटर फास्टवालं प्रकरण तर पाच मिनिटांचं आहे, पाणी तापवायचा 1000 वॅटचा रॉड असेल तर तो बादलीत सोडायचा (प्लास्टिकची बादली, आणि चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही, सांगून ठेवते) आणि एक मिनिट लुकलुक मोजायची. 53 च्या आसपास आली तर मीटर बरोबर. थोडी कमी आली तरी घाबरू नको, व्होल्टेज उतरलेलं असलं की रॉडही कमीच खातो. 65 आली तर दादाला माझ्याकडून पेढा दे आणि तक्रार अर्ज लिहायला घे.

फ्रिजचं असं एका फटक्यात नाही होत. तो मध्येच चालतो मध्येच थांबतो, त्यामुळे तू बघितलंस तेव्हा थांबलेला असला तर म्हणशील की हा तर काही खातच नाही, गरीब बिचारा. त्याच्यासाठी किचनमध्ये बसून एक तास घरघर कधी सुरू झाली कधी थांबली ते लिहायचं. कंटाळवाणं आहे, हो. मटार सोलत बस.

पण हे सगळं करायच्या आधी एक काम, आणि पूर्ण पत्रातलं हेच एक काम मी तुला हट्टानं सांगून राहिली आहे. वहीत तारीख टाकून तुझा अंदाज लिही, पेनानं, पेन्सिलनं नाही. कोण जास्त खातो आणि किती. बाबांचा, आईचा, दादाचा पण लिहून घे आणि समोर सह्या घे त्यांच्या. हसशील तू, पण मी एकतीस वर्षं ऑफिसात आकडेच लावले आणि माणसाचं मन काय करतं ते रोज बघितलं, उत्तर आलं रे आलं की म्हणतं, मला तर वाटलंच होतं. काही वाटलं नव्हतं बाप्पा! लिहिलेलं नसलं की मन मागे जाऊन खोडतं आणि आपल्याला पत्ताही नाही लागत.

मी 2019 च्या उन्हाळ्यात आमच्या घरी हेच केलं तेव्हा वहीत ठळक अक्षरात लिहिलं होतं, कूलर, दुप्पट. निघालं काय? आमचा चौदा वर्षांचा फ्रिज, पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेला, चालू असला की 150 वॅट घ्यायचा आणि मे महिन्यात तासातले 48 मिनिटं चालूच असायचा. दिवसाचे जवळजवळ 2.9 युनिट. कूलर दहा तास लावला तर 2. तो अंदाज लिहिलेला नसता तर मी आज तुला छाती ठोकून सांगितलं असतं की मला आधीपासून फ्रिजचाच संशय होता. दाराचं रबर गेलं होतं, दहाची नोट दारात अडकवून ओढली की सुर्रकन बाहेर यायची. रबर बदललं, फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला, 48 चे 35 मिनिटं झाले.

आता माझा एक गाढवपणा ऐक. फ्रिजच्या यशानं डोक्यात हवा गेली होती, म्हणून पुढच्या वर्षी मी ठरवलं की कूलरला साधं गवत चांगलं की वाळा, याचा निकाल लावायचा. पहिला आठवडा गवत, दुसरा आठवडा वाळा, रोज दुपारी तीनला खोलीचं टेंपरेचर लिहिलं. वाळा तीन डिग्रीनं जिंकला. मी अख्ख्या कॉलनीत सांगत फिरली, शेजारच्या दोघींनी तर वाळा आणला पण. मग एका रात्री सहज वही चाळत होती तर बाजूच्या रकान्यात माझंच अक्षर, पहिल्या आठवड्यात चार दिवस आभाळ, दोनदा पाऊस. अवकाळी येऊन गेला होता आणि हवा ओलसर होती, कूलर काय कप्पाळ गार करणार! माझ्या वाळ्यानं काही केलंच नव्हतं, कोरड्या हवेनं केलं होतं.

हे जरा नीट समजून घे कारण आपल्या नागपूरच्या अर्ध्या उन्हाळ्याचं गणित यात आहे. कूलर गार करतो ते पाणी उडून जातं म्हणून, आणि पाणी किती उडेल ते हवा किती कोरडी त्यावर. दोन साधे थर्मामीटर घे, एकाच्या बुडाशी ओलं फडकं गुंडाळ आणि पंख्यासमोर धर. ओला जिथे थांबेल त्याच्या खाली तुझा कूलर जाऊच शकत नाही, कितीही महागाचा आण. मे महिन्यात 44 डिग्री आणि 15 टक्के ह्युमिडिटी असली तर ओला थर्मामीटर 23 च्या जवळपास येतो. जुलैत बाहेर 32 आणि ह्युमिडिटी 80 टक्के, तर ओला 29 लाच अडतो. म्हणून 44 मध्ये कूलर स्वर्ग वाटतो आणि 32 मध्ये नुसती चिकचिक. माठाचंही तेच, पावसाळ्यात माठ रुसतो तो याच कारणानं.

तर मग मी वाळा आणि गवत परत केलं, एक दिवस हे एक दिवस ते, दोन आठवडे. रोज ताट्या बदलायची कटकट, काका वैतागले. फरक आला अर्ध्या डिग्रीपेक्षा कमी. शेजारणींना जाऊन सांगावं लागलं, ते सगळ्यात अवघड होतं. वास मात्र वाळ्याचाच बरं का, वासाचे पैसे द्यायला माझी काही हरकत नाही.

थर्मामीटरवरून आठवलं. 30 मे 2024, तुला आठवत असेल, नागपुरात 56 डिग्री म्हणून स्क्रीनशॉट फिरत होता, तूच मला पाठवला होतास, सोबत रडण्याच्या सहा इमोजी. ऑटोमॅटिक वेदर स्टेशनचा आकडा होता, म्हणजे कोणी घरी बसून बनवलेला नव्हता, सरकारी मशीननं दिलेला होता. तरी मला पटेना. कारण जगाचा रेकॉर्डच 56.7 आहे, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, 1913 चा, आणि आपल्या शहराचा आकडा मे 2013 मध्ये 47.9 ला जाऊन आलेला. एका दिवसात आपण आठ डिग्रीनं पुढे गेलो? मी बाकी काही नाही केलं, त्याच वेळेचे शहरातल्या दुसऱ्या स्टेशनांचे आकडे शोधले, तिथे 44 च्या आसपास. एकाच गावात बारा डिग्रीचा फरक नाही पडत बाई. नंतर हवामान खात्यानंही सांगितलं की सेन्सर बिघडला होता. मशीन खोटं बोलत नाही म्हणतात, पण ते आजारी पडतं, आणि आजारी आकडा ओळखायचा तर त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचं.

आणि तुझ्या मोबाईलमधलं टेंपरेचर हे बहुतेक वेळा कोणी तुमच्या गल्लीत मोजलेलं नसतंच, कॉम्प्युटरनं काढलेला अंदाज असतो. तू गच्चीत उन्हात थर्मामीटर ठेवशील तर तोही हवेचं नाही, स्वतःचंच तापलेलं अंग सांगेल. खात्याचे थर्मामीटर पांढऱ्या, फटी असलेल्या लाकडी पेटीत असतात, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर वर, सावलीत आणि वारा खेळता. तुझा पण उत्तरेच्या व्हरांड्यात टांग.

तू परवा म्हणाली होतीस की तुझी गाडी आली की सिग्नल लाल होतोच. मी धरमपेठेकडे जाताना एका सिग्नलवर घड्याळ लावलं होतं, पूर्ण चक्कर 120 सेकंदांची आणि आपल्या बाजूला हिरवा फक्त 30. म्हणजे चारातून तीनदा लालच मिळणार, तुझ्या नशिबाचा काय संबंध! फक्त लिहिताना हिरवा मिळालेले दिवस पण लिही, ते कोणाला आठवत नाहीत.

कॉलेजला जायला किती वेळ लागतो ते काढशील तेव्हा सरासरीच्या नादी लागू नको. समज सात दिवसांचे मिनिटं आहेत 22, 24, 23, 25, 21, 24 आणि 70, कारण सातव्या दिवशी मारबतीची मिरवणूक होती आणि तू शहाणी महालातून गेलीस. सरासरी येते 30, आणि तुला 30 मिनिटं एकही दिवस लागले नाहीत! आकडे लहानापासून मोठे ओळीत लाव, मधला घे, 24. तोच तुझा रोजचा वेळ. 70 खोडू नको मात्र, बाजूला लिही, मारबत. पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कामी येईल.

एक्सेल वगैरे नंतर, शंभर-दीडशे ओळी झाल्या आणि हातानं कंटाळा आला की. तेव्हा शिकायला दोन संध्याकाळी पुरतील कारण तुला काय विचारायचं ते माहीत असेल. पायथन त्याच्याही नंतर. माझा कोर्सवर राग नाही, पण तिथे दुसऱ्याचे आकडे देतात, साफसूफ केलेले, आणि तुला कधीच कळत नाही की मोजताना पाऊस येत होता.

आता काकांचं सांगते, त्यांनी नको म्हटलं होतं तरी सांगते. त्यांचं म्हणणं की माठाच्या पाण्याची चव मी डोळे मिटून सांगतो. ठीक आहे म्हटलं. एकच नळाचं पाणी, अर्धं रात्रभर माठात, अर्धं स्टीलच्या हंड्यात. आठ सारखे ग्लास, चार माठाचे चार हंड्याचे, आणि त्यांना ते चार ओळखायचे. ही युक्ती माझी नाही, फिशर नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाची आहे, एक बाई म्हणायची की चहात दूध आधी घातलं की नंतर ते मी चवीवरून सांगते, तर त्यानं असेच आठ कप मांडायला सांगितले. आठातून चार निवडायचे प्रकार होतात 70, म्हणजे नुसत्या नशिबानं सगळे बरोबर यायची शक्यता 70 त एक.

पहिल्या दिवशी काकांचे आठच्या आठ बरोबर! दोन दिवस घरात राहणं मुश्किल केलं त्यांनी. मग माझ्या डोक्यात आलं, हंड्याचं पाणी कोमट होतं, ग्लासला हात लावला की कळत होतं, चवीचा प्रश्नच नव्हता. शिवाय ग्लास मी मांडले होते आणि माझा चेहरा ते चाळीस वर्षांपासून वाचून राहिले. दुसऱ्यांदा ग्लास अर्धा तास बाहेर ठेवले, सगळे सारखे होईपर्यंत, आणि मांडायला खालच्या मजल्यावरचा मुलगा बोलावला, मी आतल्या खोलीत. सहा बरोबर आले. काका म्हणाले, बघ, आठातून सहा! मी म्हटलं, सहा किंवा जास्त बरोबर यायचे 70 पैकी 17 प्रकार आहेत, म्हणजे चारातून एकदा तर तो खालचा मुलगा पण नाक दाबून आणेल. तेव्हापासून आमचं बोलणं माठ सोडून बाकी सगळ्या विषयांवर चालू आहे.

त्यांना आता परत टेस्ट द्यायची आहे, यावेळी बारा ग्लास म्हणतात, सहा आणि सहा. रविवारी ये, मी माठ भरून ठेवते. ग्लास तू मांडशील. येताना बाराचा हिशोब काढून आण, नुसत्या नशिबानं सगळे बरोबर यायची शक्यता किती, आणि ते किती ओळखतील त्याचा तुझा अंदाज चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे दे, काकांना नको दाखवू.

तुझी काकू