कृतज्ञतेची वही रोज लिहिल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण रोज लिहायची गरज नाही. आठवड्यातून एकदा पुरे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला कृतज्ञ वाटावं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी. पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला, व्यायामही जास्त करत होता (हे मला अनपेक्षित होतं). रोज लिहिलं की ‘घर, आई, तब्येत’ हीच यादी उतरते आणि मन तिला सरावतं. म्हणून नेमकं लिहा. ‘मित्र चांगले आहेत’ यापेक्षा ‘काल त्याने न सांगता माझी बॅग उचलली’ हे आत पोचतं. मात्र परिणाम माफक असतो. नैराश्य असेल तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा.