रिकंबंट सायकलचे टायर बदलून वेग खरंच वाढतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेदरलँड्समध्ये जुनी रिकंबंट (पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची आडवी सायकल) घेतलीत, पुढे २० इंची चाक, मागे २६ इंची, दोन्हींवर जाड पंक्चररोधक टायर. आडवी सायकल सुसाट पळते असं ऐकलं होतं, तुमची मात्र साध्या सायकलीएवढीच पळते. टायरवर पैसे घालावेत, की ते पाण्यात जातील?

घाला. पण आधी पुढच्या टायरवर घाला. मी नेमकं उलटं केलं होतं.

मी अल्मेरेत राहतो, चार वर्षं रिकंबंटवर ऑफिसला जातो. इथे तिला लिखफीट्स म्हणतात, म्हणजे झोपायची सायकल. घरच्यांना फोनवर हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "झोपूनच जायचं तर बसने जा की."

टायरचा हिशेब आधी सांगतो. फिरताना टायर जमिनीशी चेपतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो. चेपताना लावलेली सगळी शक्ती रबर परत देत नाही, थोडी उष्णतेत जाते. हाच रोलिंग रेझिस्टन्स. स्वार, सायकल, बॅग मिळून १०० किलो धरा. चांगल्या टायरचा गुणांक, म्हणजे वजनाच्या किती पट जोर टायर अडवतो तो आकडा, ०.००५ च्या आसपास असतो, तेव्हा ताशी ३० किमीला टायर साधारण ४१ वॉट खातात. जाड, कडक टायरचा गुणांक ०.००८ धरला तर ६५ वॉट. फरक २४ वॉटचा.

साध्या सायकलवर हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिथे वाराच दीडशे-दोनशे वॉट गिळतो. रिकंबंटवर वाऱ्याचा वाटा ७५-८० वॉटपर्यंत खाली येतो. म्हणजे खराब टायर असतील तर तुमची जवळजवळ निम्मी मेहनत रबर चेपण्यात जाते. चांगल्या टायरवर जेवढ्या जोरात ३० चा वेग मिळतो, तेवढ्याच जोरात या टायरवर २७ मिळतो. आडवं झोपून जे कमावलं, त्यातलं बरंचसं असं टायरमध्ये जातं.

आता माझी चूक. मोठं चाक, म्हणजे मोठा फरक, असं समजून मी पहिला महागडा टायर मागे चढवला. काही कळलंच नाही. मग एका रविवारी बाथरूमचा वजनकाटा पुढच्या चाकाखाली ठेवला, मागच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची पुस्तकं रचली, बायकोला हँडल धरायला लावलं आणि वर झोपलो. एकूण ९८ किलोंपैकी ५१ पुढच्या चाकावर! आखूड रिकंबंटमध्ये, म्हणजे दोन चाकांत अंतर कमी असलेल्या सायकलीत, पुढचं चाक पायांच्या खालीच येतं, त्यामुळे हे स्वाभाविक आहे, पण मला काटा बघेपर्यंत सुचलं नव्हतं. वर चाक लहान, त्याची गोलाई तीव्र, त्यामुळे जमिनीला टेकताना रबर जास्त वाकतं. तोच टायर मोठ्या चाकावर जेवढा अडतो त्यापेक्षा लहान चाकावर जास्त अडतो. म्हणजे जास्त वजन, लहान चाक आणि सगळ्यात वाईट टायर, तिन्ही मी एकाच जागी ठेवले होते.

पुढचा बदलल्यावर घराजवळच्या कालव्यावरच्या पुलावरून चाचणी घेतली. वारा नसलेली सकाळ, माथ्यावरून पॅडल न मारता सोडायचं आणि कुठे थांबतो ते बघायचं. आधी दुसऱ्या दिव्याच्या खांबाच्या अलीकडेच थांबायचो, आता चौथा खांब ओलांडला. तुम्हीही बदलण्याआधी आणि नंतर असंच करून बघा, फक्त थंडी-उन्हाळ्याची तुलना करू नका. गारठ्यात रबर कडक होतं आणि तोच टायर जास्त अडतो. आणि हो, आधी ब्रेक रिमला घासत नाहीत ना आणि सीटखालची चेनची पुली मोकळी फिरते ना, एवढं तपासा. नाहीतर दोष ब्रेकचा आणि खर्च टायरचा.

हवेबद्दल. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे. मीही सुरुवातीला दगडासारखे टायर फुगवायचो. गुळगुळीत डांबरावर छान, पण जुन्या गावातल्या विटांच्या रस्त्यावर दात वाजायचे. साध्या सायकलवर खड्डा आला की आपण बूड उचलतो. इथे पाठ सीटला चिकटलेली, उचलणार काय? प्रत्येक हादरा अंगात येतो आणि अंग हलवायला लागणारी शक्तीही तुमच्याच पायांतून जाते. आता माझ्या टायरमध्ये हवेचा दाब पुढे साडेचार बार, मागे चार. तुमचं वजन वेगळं असेल, अर्धा-अर्धा बार कमी करत बघा.

टायर घेताना "२० इंची" एवढंच बोलू नका. या नावाखाली ४०६ आणि ४५१ (मिमी व्यास) असे दोन वेगळे रिम येतात आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. जुन्या टायरच्या कडेवर "४७-४०६" असं काहीतरी असेल, त्यातला दुसरा आकडा महत्त्वाचा. ४०६ असेल तर सुटलात, त्यात निवड भरपूर आहे. मी श्वाल्बेचा कोजॅक वापरतो, नक्षी नसलेला गुळगुळीत टायर. पावसात घसरत नाही का, असं सगळे विचारतात. सायकलचा टायर इतका अरुंद असतो की डांबरावरचं पाणी तो तसाच बाजूला सारतो. चिखलात आणि ओल्या पानांवर मात्र जपून.

पंक्चरची भीती खोटी नाही. पाय समोर असल्यामुळे चाकासमोरची काच आपल्याला दिसत नाही आणि शरद ऋतूत इथे काटेरी कुंपणं छाटली की सायकलवाटांवर काटेच काटे. म्हणून जुना जाड टायर मी टाकलेला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी तो पुढे चढतो, मार्चमध्ये उतरतो. त्या चार-पाच महिन्यांत घरातून दहा मिनिटं आधी निघतो.